अपोथेकरीचं प्रमोशन: मर्चंट की मेकॅनिस्ट?

फायर एम्ब्लेम फेट्स या व्हिडिओ गेममध्ये मिडोरी ही अपोथेकरी (औषधं बाळगणारी धनुर्धारी) हाताशी आली, तिला बढती देणारं मास्टर सीलही मिळालं, की तिला मर्चंट करायचं की मेकॅनिस्ट, इथेच बरेच जण अडतात. क्विक सॅल्व्ह हे स्किल घेईपर्यंत थांबायचं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्याने औषध पिऊन त्याच टर्नमध्ये बाणही मारता येतो, यातच या क्लासचा जीव आहे. प्रश्न त्याच्या पुढचा. दोन्ही वाटांनी मी खेळलोय.

मर्चंटची बाजू आधी, कारण ती खरोखर भक्कम आहे. तिच्या प्रॉफिटियर या स्किलमुळे पहिल्या सात टर्नमध्ये लक (नशीब) या गुणाच्या टक्केवारीनुसार सोन्याची वीट मिळू शकते. त्यात मिडोरीचं स्वतःचं स्किल लकी चार्म अशा लकवरच्या स्किल्सची शक्यता वीस टक्क्यांनी वाढवतं. कॉन्क्वेस्ट या फेट्सच्या आवृत्तीत पैसा जपूनच खर्चावा लागतो, तिथे ही कमाई फार उपयोगी पडते. पुढे येणारं स्पेंडथ्रिफ्ट हे स्किल मात्र तीच वीट लढाईत खर्ची घालतं. विकायला साठवत असाल तर ते स्किल काढून ठेवा.

माझं मन फिरलं ते शत्रूच्या टर्नमध्ये. धनुष्य दोन घरांवरूनच चालतं. मिडोरीने बाण मारला, की तिच्या हातात धनुष्यच राहतं. मग कुऱ्हाडवाला शेजारच्या घरात येऊन उभा राहतो, वार करतो आणि ती नुसती सोसते. पुढच्या टर्नला एक घर मागे सरकायचं, औषध प्यायचं, बाण मारायचा, की तो पुन्हा शेजारी हजर. मर्चंटला नागिनाता (जवळून वापरायचा भाला) मिळते हे खरं, पण ती हातात ठेवली तर लांबून मारणाऱ्याला उत्तर नाही. प्रत्येक वेळी शत्रू कुठून येईल याचा अंदाज बांधत बसण्याचा मला खरंच वैताग आला.

मेकॅनिस्टचं शुरिकेन, म्हणजे फेकून मारायचं छोटं पातं, शेजारच्या घरातही चालतं आणि दोन घरांवरही. शिवाय ते लागलेल्या शत्रूचे काही गुण तात्पुरते उतरतात, म्हणजे मागून येणाऱ्या आपल्या माणसाचं काम हलकं. कळीच्या, म्हणजे यांत्रिक, घोड्यामुळे लांबची मजलही मारता येते. गोलेमबेन हे गोलेमसारख्या शत्रूंवरचं स्किल एरवी पडूनच राहतं. रेप्लिकेट या स्किलने दोन मिडोरी होतात, पण दोघींचा एचपी (जीव) एकच, त्यामुळे एक उघड्यावर राहिली तर दुसरीही धोक्यात. ते जपूनच वापरावं.

तुमच्या सैन्यात शुरिकेनवाले आधीच भरपूर असतील किंवा तिजोरी कायम रिकामी असेल, तर मर्चंट घेण्यात काही चूक नाही. मी मात्र आता मेकॅनिस्टच करतो. शुरिकेनची श्रेणी अगदी तळापासून सुरू होते, म्हणून प्रमोशनच्या आधीच एक पितळी शुरिकेन घेऊन ठेवा. सुरुवातीच्या लढायांत किरकोळ शत्रू तिच्या वाट्याला द्या, मग लोखंडी शुरिकेन हातात यायला फार वेळ लागत नाही.