५० एमएम एफ/१.८ लेन्स: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नऊ महिने झाले, ही लेन्स कॅमेऱ्यावरून जवळपास उतरलेलीच नाहीये, साडेचार हजारांच्या आसपास फोटो काढून झाले, म्हटलं आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर "बॅकग्राउंड काय भारी ब्लर होतं" एवढंच लिहिलं असतं, आणि तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर "माझा पीस खराब निघाला" असं. दोन्ही चुकलं असतं.

घेतली कशासाठी ते आधी सांगते. प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी बरंचसं काम ५० एमएमवर केलं हे माहीत होतं म्हणून मलाही तीच हवी होती. लावल्यावर कळलं की माझी बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) क्रॉप सेन्सरची, तिचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान, म्हणून फ्रेममध्ये कमी मावतं, एमएमचा आकडा १.५ ने गुणायचा, म्हणजे फुल फ्रेमवर ७५ एमएममधून जेवढं दिसतं तेवढंच मला दिसणार (कॅननच्या क्रॉप बॉडीवर १.६, म्हणजे ८०). छोट्या खोलीत चार माणसं फ्रेममध्ये घ्यायची तर पाठ भिंतीला टेकते. तुमची क्रॉप बॉडी असेल आणि घरातले ग्रुप फोटो जास्त काढत असाल तर ३५ एमएम बघा, तिच्यात जास्त मावतं, खरंच. एकट्या माणसाच्या फोटोला मात्र ही फार छान, कारण थोडं मागं उभं राहावंच लागतं आणि चेहरा जसा आहे तसा येतो. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी झूम लेन्स) १८ एमएमवर ठेवून जवळून काढलं की नाक मोठं दिसतं, ते आपण फार जवळ गेलेलो असतो म्हणून.

आता तिसऱ्या महिन्याचं. आम्ही सात-आठ हौशी मंडळी दर रविवारी एकमेकांना एकेक फोटो दाखवतो, सोबत ॲपर्चर (लेन्सचं उघडं भोक, एफपुढचा आकडा लहान तितकं ते मोठं), शटर (ते किती सेकंद उघडं राहिलं), आयएसओ (प्रकाश किती वाढवून घेतला) सांगायचं आणि नुसतं "मस्त" म्हणून सोडायचं नाही हा नियम. मी आईचा फोटो दाखवला, खिडकीच्या उजेडातला, मला स्वतःला खूप आवडलेला. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सुंदर दिसत होता पण मोठा करून बघितला तर डोळे मऊ, आणि असे कितीतरी फोटो साठले होते, म्हणून मी लेन्सलाच दोष देत होते. आमच्यातल्या एका काकांनी झूम करून बघितलं आणि म्हणाले, "अगं, कानशिलावरचा एक एक केस मोजता येतोय, लेन्स उत्तम आहे. तू मधल्या पॉइंटनं डोळ्यावर फोकस घेऊन मग कॅमेरा फिरवतेस का?" अगदी तेच करत होते मी. कॅमेरा फिरवला की फोकसची पातळी डोळ्याच्या मागं सरकते, आणि एफ/१.८ ला एक मीटरवरून शार्प भाग साधारण अडीच सेंटीमीटरच असतो, तेवढ्यात डोळा निसटतो. एफ/४ ला तोच भाग सहा सेंटीमीटरच्या आसपास होतो.

तेव्हापासून फोकस पॉइंटच हलवून जवळच्या डोळ्यावर ठेवते आणि जवळून पोर्ट्रेट काढताना एफ/२.८. दुसऱ्याच दिवशी आईला त्याच खिडकीत बसवलं. पापण्या सुट्या सुट्या दिसल्या, बुबुळात खिडकीची चौकट उमटलेली दिसली. मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसले होते.

कमी उजेडात तर हिला तोड नाही. किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ वर येते, त्याच्या साधारण दहापट प्रकाश इथं आत येतो. माझ्या लेन्सला स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाहीये, त्यामुळे शटर १/८० च्या खाली नेत नाही आणि खेळती मुलं असतील तर १/२५० तरी. आयएसओ वाढवायला मी फार घाबरायचे, सगळ्यांनी मिळून ती भीती घालवली, फोटोतले दाणे नंतर बरेच कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही.

त्रासाच्या गोष्टी आहेतच. उन्हाविरुद्ध झाडाची पानं काढली की एफ/१.८ ला कडांना जांभळी रेघ येते, एफ/४ पर्यंत नेलं की बरीच जाते. फोकस करताना पुढची नळी बाहेर येते, बॅग भरताना तिला धक्का लागणार नाही हे बघावं लागतं. व्हिडिओत मोटरचा आवाज येतो. हूड (लेन्सच्या तोंडाशी लावायची झापड) लावाच, समोरून उजेड आला की फोटो फिका पडतो.

आणि एक, तुम्हीही असं एकमेकांना फोटो दाखवणार असाल तर मेसेजमधून साधा फोटो पाठवू नका, तो दाबला जातो, सेटिंगची माहितीही गळून पडते आणि मग शार्प आहे की नाही यावर उगाच वाद होतात. फाइल म्हणून पाठवा. सगळ्या सूचना ऐकायलाच पाहिजेत असंही नाही हं. आईच्या त्या फोटोत खाली तिचा हात अर्धवट येतो, दोघांनी क्रॉप करायला सांगितलं. मी नाही केला. त्या हाताशिवाय ती आई वाटतच नाही.

लेन्स ठेवणार आहे. पुढच्या रविवारी बाबांचा फोटो दाखवायचाय, त्यांच्या चष्म्यावर खिडकी चमकते त्याचं काय करायचं ते अजून जमलेलं नाही, कुणाला जमलं असेल तर नक्की सांगा.