घरचं कोकम आहे: सरबत विकायचं की बारसाठी सिरप करायचं?

यंदाच्या उन्हाळ्यात तिघांनी मला हाच प्रश्न विचारला. एक कुडाळची मैत्रीण, एक पुण्यात नोकरी करणारा भाचा आणि एक बचत गटातली ताई. मी सरबत सासूबाईंच्या हाताखाली शिकले. गोव्यातल्या बारना सिरप देऊन तीन हंगाम झाले. दोन्ही कामं एकाच ओट्यावर करते, म्हणून तिघांना वेगवेगळं सांगितलेलं इथे एकत्र लिहिते.

हा प्रश्न आत्ताच का पडतो, तेही सांगते. 2017 मध्ये ग्रेटर दॅन आणि 2018 मध्ये स्ट्रेंजर अँड सन्स या जिन बाजारात आल्या, आणि दोन्ही गोव्यात बनतात. त्यानंतर बारच्या मेन्यूवर कोकम, गवती चहा, तिरफळ ही आपल्या परसातली नावं दिसायला लागली. सिरपच्या बाबतीत मात्र बहुतेक बारच्या फळीवर अजून मोनँसारख्या फ्रेंच कंपनीच्या बाटल्या असतात. त्या बाटलीची किंमत बघून आपल्या माणसाला वाटतं, आमचं अमृत कोकम काय वाईट आहे?

वाईट अजिबात नाही. पण त्या बाटलीची किंमत चवीला नसते. ती दर वेळी हुबेहूब तशीच निघते, त्याचे ते पैसे असतात. दोन धंद्यांतला खरा फरक इथेच आहे, त्यामुळे यावर जरा थांबते.

आपलं अमृत कोकम कसं होतं? रातांबे म्हणजे कोकमाची फळं फोडायची, बिया काढायच्या, वाट्यांमध्ये साखर भरून बरणीत थरावर थर लावायचे आणि आठ-दहा दिवस उन्हात ठेवायचे. आच लागत नाही, म्हणून रंग आणि वास दोन्ही टिकतात. पण कोकमाची झाडं बहुतेक बियांपासून उगवलेली, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन झाडांच्या फळांतही आंबटपणाचा फरक असतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण अमृता ही जात दिली आहे. तिची कलमं लावलेली असतील तर फळ बरंच एकसारखं मिळतं, पण जुन्या बागांत तसं नसतं. त्यात मेअखेरीस वळवाचे दोन पाऊस झाले की फळ पाणचट होतं.

सरबताचं गिऱ्हाईक हे सगळं समजून घेतं. ‘यंदा जरा आंबट आहे का हो?’ म्हणतं आणि पुढच्या वर्षी परत येतं. घरी ग्लासात पाणी कमी-जास्त करून चव जुळवता येते.

बारमध्ये ती सोय नाही. तिथे 15 मिलीचं माप ठरलेलं, त्यात लिंबू किती आणि दारू किती तेही ठरलेलं. शनिवारी रात्री गर्दीत बारटेंडर प्रत्येक बाटली चाखून बघू शकत नाही. तुमच्या एका घाण्याची साखर 60 टक्के आणि दुसऱ्याची 67 निघाली तर त्याचं पेय बिघडतं, आणि ते पेय परत आलं की तुमचं नाव जातं. पहिल्या वर्षी माझं असंच झालं. एका बारला दिलेल्या दुसऱ्या खेपेची चव पहिलीपेक्षा गोड होती, आणि तिसरी खेप त्यांनी मागवली नाही. चूक माझीच होती, मी बोटावर चिकटपणा बघून ठरवत होते.

म्हणून सिरप करायचं तर टोप घेण्याआधी रिफ्रॅक्टोमीटर घ्या, म्हणजे थेंबभर पाकातली साखर मोजणारं साधन. ते आकडा ब्रिक्समध्ये दाखवतं, ब्रिक्स म्हणजे साधारण साखरेचे टक्के. घेताना एक गोष्ट बघा. बागायतदार फळांची गोडी मोजायला वापरतात तो 0 ते 32 ब्रिक्सचा असतो, आपल्या पाकाला तो चालत नाही. 65 पर्यंत आणि त्याच्या पुढचं दाखवणारा हवा. पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, मोजायची सोयही हवी; तो जितका कमी तितकं आंबट. कोकम मुळातच आंबट, त्यामुळे तिथे काळजी कमी. पण आलं, गवती चहा, तिरफळ यांचं सिरप आंबट नसतं, आणि 4.6 च्या वर पीएच असलेला पातळ पाक बंद बाटलीत ठेवणं धोक्याचं आहे. मी अशा सिरपमध्ये लिंबूसत्व घालून पीएच 4 च्या खाली आणते. थोडं आंबट लागतं, पण बारमध्ये ते चालतं, कारण ते लोक तसंही लिंबू पिळतातच.

साखरेचं प्रमाण कायद्यातही आहे. लेबलवर फळाचं सरबत किंवा सिरप लिहायचं तर फळाचा रस किमान 25 टक्के आणि एकूण विद्राव्य घटक, म्हणजे आपले ब्रिक्स, किमान 65 टक्के लागतात. स्क्वॅशला 40 टक्के पुरतात. परदेशी रेसिपी बघून बारटेंडर एकास एक पाक मागतात, साखर आणि पाणी सारख्या वजनाने, म्हणजे साधारण 50 ब्रिक्स. ऐकायला छान, पण तो टिकत नाही. फ्रिजबाहेर बुरशी धरतो. 65 च्या आसपास साखर बहुतेक पाणी धरून ठेवते आणि जंतूंना फारसं मोकळं सोडत नाही, शिवाय हा दाट पाक बार स्वतः पाणी घालून पातळ करू शकतो. 67 च्या वर जाऊ नका. थंडीत तळाशी खडे बसतात.

आता पैशांचं गणित. 750 मिलीची बाटली सरबतासाठी घेतली तर ग्लासामागे 50 मिली धरून 15 ग्लास होतात. तीच बाटली बारमध्ये 15 मिलीच्या मापाने 50 पेयं देते. समजा तुम्ही 500 रुपये किंमत लावली. घरच्या गिऱ्हाइकाला ग्लास 33 रुपयांना पडतो, तो नाक मुरडणार. बारला पेयामागे 10 रुपये पडतात, आणि ते पेय तो कितीतरी पटीने महाग विकतो. म्हणजे एकाच बाटलीला बारमध्ये दाम जास्त मिळतं, यात शंका नाही.

पण ते दाम हातात कधी पडतं? प्रदर्शनात, हायवेच्या टपरीवर, ओळखीच्या घरांत सरबत रोखीने जातं. संध्याकाळी गल्ला मोजायचा आणि घरी यायचं. मुंबईचं महालक्ष्मी सरस किंवा पुण्याची भीमथडी जत्रा, अशा ठिकाणी चार-पाच दिवस उभं राहिलं तर पुढच्या हंगामाच्या बाटल्यांचे पैसे निघतात. बार मात्र उधारीवर घेतो. महिनाअखेर म्हणतात, मग पुढचा महिना म्हणतात. एका बारने माझं बिल पाच महिन्यांनी चुकतं केलं, आणि तोवर मॅनेजर बदलला होता. नव्या मॅनेजरला पहिल्यापासून सगळं समजावावं लागलं. म्हणून ज्याच्याकडे चार महिने अडकून पडतील एवढे पैसे नाहीत, त्याने बारने सुरुवात करू नये. हे मी अगदी ठामपणे सांगते.

हंगामाची गोष्ट उलटी आहे. सरबताची विक्री मार्च ते जून. पाऊस लागला की आवक संपते आणि मागणीही. गोव्यात मार्च ते मे उर्राकचा हंगाम असतो, काजूच्या बोंडांच्या रसाची ती पहिली धार. लोक त्यात लिमका, लिंबू, मीठ आणि चिरलेली मिरची घालून पितात. त्या तीन महिन्यांत कोकम सिरप बारमध्येही चांगलं जातं. पण बारचा खरा धंदा ऑक्टोबर ते फेब्रुवारी. तेव्हा ताजं कोकम नाही. म्हणजे मेमध्ये केलेलं सिरप रंग न जाता डिसेंबरपर्यंत टिकायला हवं. कोकमाचा लाल रंग उष्णतेने आणि उजेडाने तपकिरी पडतो. मी आता काळोख्या खोलीत, खोक्यात बंद करून ठेवते, आणि बारला वर्षभर देण्यासाठी गवती चहा आणि आल्यावर भर देते. गवती चहा परसात बाराही महिने असतो. तिरफळही मी सुकवून ठेवते. जिभेला येणाऱ्या त्याच्या मुंग्यांची बारटेंडरना फार मौज वाटते, आणि ती चव मोठ्या कंपनीच्या बाटलीत अजून मला दिसलेली नाही.

कागदपत्रांत फूड लायसन्स दोघांनाही लागतं, ते घरच्या स्वयंपाकघरावरही मिळतं, आणि 14 आकडी नंबर लेबलवर छापावा लागतो. फरक जीएसटीत आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण बांद्यापुढे पत्रादेवीची हद्द ओलांडून गोव्यात माल विकला की ती आंतरराज्य विक्री झाली, आणि तिथे उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. सिंधुदुर्गातल्या माणसाला पणजी जवळ आणि मुंबई लांब, म्हणून हे आधी माहीत हवं. मला पहिलं बिल करताना कळलं.

आणखी एक. परदेशी रेसिपींत सिरप टिकावं म्हणून चमचाभर व्होडका घालायला सांगतात. विकायच्या बाटलीत एक थेंबही घालू नका. मद्य नसलेलं सिरप हे खाद्यपदार्थ आहे. त्यात मद्य आलं की विषय उत्पादन शुल्क खात्याकडे जातो, आणि तो लहान माणसाला पेलणारा नाही.

वाहतुकीचं थोडक्यात. 65 ब्रिक्सच्या 750 मिली सिरपचं नुसतं वजनच जवळजवळ एक किलो भरतं, वर काचेची बाटली. लांबच्या कुरिअरला नफा जातो. ज्या बारपर्यंत तुम्ही स्वतः स्कूटरने पोचू शकता, तोच बार पहिला धरा.

मग कोणी काय करावं? कुडाळच्या मैत्रिणीला मी सरबत सांगितलं. तिची स्वतःची बारा झाडं आहेत, घरात दोन माणसं हाताशी आहेत आणि मेच्या सुट्टीत दारावरून पर्यटक जातात. तिने दोन हंगाम तेच करावं आणि वहीत प्रत्येक घाण्याचं फळ, साखर आणि ब्रिक्स लिहून ठेवावं. पुण्यातल्या भाच्याला सिरप सांगितलं. त्याच्याकडे झाड नाही, पण पगार आहे, त्यामुळे उधारी सोसेल, आणि त्याच्या घरापासून अर्ध्या तासात वीसेक बार आहेत. त्याने स्वतः फक्त दोन चवी कराव्यात, आलं आणि गवती चहा. कोकमाचं सिरप तयार आमच्याकडून घ्यावं. बचत गटाच्या ताईंना मी अजून नक्की सांगितलेलं नाही. पंधरा बायकांचे हात लागले की घाणा एकसारखा ठेवणं कठीण, म्हणून माझा कल सरबताकडेच आहे.

तिघांनाही एक काम मात्र आजच करायला सांगितलं. एकाच घाण्याच्या तीन बाटल्या भरा. एक खिडकीत, एक कपाटात, एक फ्रिजमध्ये ठेवा. तारखा घाला आणि दर पंधरा दिवसांनी तिन्ही शेजारी ठेवून रंग बघा, बूच उघडून वास घ्या, रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाका. गणपतीपर्यंत त्या तीन बाटल्या काय सांगतात ते मला कळवा, मग लेबल छापायला टाकू.