जुनी सागवानी पेटी आणि खणांचं कपाट: अकरा महिने वापरल्यानंतर

ही पेटी घरात येऊन अकरा महिने झाले. साडेतीन फूट लांब, दीड फूट रुंद, साग, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या. सोबत त्याच विक्रेत्याकडून चार खणांचं एक बुटकं कपाटही घेतलं. आधी लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आता कोरडे आणि दमट असे दोन्ही ऋतू पाहून झालेत, म्हणून लिहिते.

आधी वयाबद्दल. विक्रेता म्हणाला, दोनशे वर्षांपूर्वीची. घरी आणल्यावर मी बिजागरीचा एक स्क्रू काढून पाहिला. टोक अणकुचीदार, आटे एकसारखे, माथ्यावरची खाच बरोब्बर मधोमध. टोकदार स्क्रू १८४० च्या दशकानंतर रुळले. त्याआधीच्यांची टोकं बोथट असायची आणि खाच हातानं कापलेली, त्यामुळे बहुधा थोडी कलती. बिजागऱ्या नंतर बदलल्या असतील अशी शंका होती, पण त्यांच्याखाली दुसरी जुनी भोकं नव्हती. म्हणजे याच बिजागऱ्या पहिल्यापासूनच्या, आणि पेटी दोनशे वर्षांची नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण काम अस्सल आहे. कोपऱ्यांचे डव्हटेल सांधे (दोन फळ्यांचे दात एकमेकांत अडकवलेले) हातानं कापलेले आहेत: प्रत्येक दात थोडा वेगळा, आणि आतल्या बाजूला सुताराने आखलेली बारीक रेघ अजून दिसते. यंत्रावर कापलेले दात सगळे एका मापाचे असतात. पेटी घ्यायला जाल तेव्हा झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात आधी आतून बघा, मग उलटी करून तळ बघा. पुढची बाजू पॉलिशनं कोणीही चमकवतं, आतल्या बाजूला कोणी हात लावत नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते झाकणाने. झाकणाला लांबीच्या दिशेनं एक चीर होती. पेटी आली तेव्हा जेमतेम नखाच्या जाडीएवढी. कोरडी हवा सुरू झाली आणि ती इतकी रुंदावली की आत उजेड दिसू लागला. सगळ्यांचा सल्ला एकच, लांबी (भेगा बुजवायची पुट्टी) भरून पॉलिश मारा. मी साहित्यही आणून ठेवलं होतं. पण त्याआधी झाकण खालून नीट बघितलं. फळीला आडव्या दोन पट्ट्या खिळ्यांनी पक्क्या ठोकल्या आहेत. लाकूड रेषांच्या दिशेनं जवळजवळ हलत नाही, रेषांना आडवं मात्र हवेतल्या ओलाव्यानुसार सतत फुगतं आणि आक्रसतं. फळी आक्रसायला बघत होती, पट्ट्या तिला धरून होत्या, म्हणून ती मधोमध फाटली. कोणी निष्काळजीपणा केला म्हणून नव्हे.

मी लांबी भरली नाही. दर पंधरा दिवसांनी चिरेची रुंदी मोजून वहीत लिहीत गेले. सर्वात कोरड्या दिवसांत ३ मिलिमीटर. हवा दमट झाली तशी ती मिटत गेली, आणि पावसाळी आठवड्यांत कडा एकमेकींना टेकल्या. तेव्हा चिरेत कडक लांबी असती तर फळीला फुगायला जागाच उरली नसती. पट्ट्यांवर ताण आला असता आणि नवी चीर पडली असती. धूळ आत जाऊ नये म्हणून मी खालून सुती कापडाची पट्टी सरसानं लावली, तीही चिरेच्या एकाच कडेला. सरस यासाठी की तो गरम पाण्यानं सुटतो. पुढे कोणाला नीट दुरुस्ती करायची असेल तर लाकूड खरवडावं लागणार नाही. अशा वस्तूवर परत उलटवता न येणारं काही करू नये, हे मला आता मनापासून पटलंय.

कीड. तळाच्या फळीला दीड-दोन मिलिमीटरची भोकं होती. “जुनी आहेत,” असं सांगितलं गेलं. भोकं जुनी असू शकतात, कारण किडा बाहेर पडल्यावरच भोक दिसतं. कीड अजून जिवंत आहे का, हे भोकावरून नाही, भुशावरून कळतं. पेटीखाली काळा कागद पसरला. तीन आठवड्यांनी त्यावर फिकट, पिठासारख्या भुशाच्या दोन ढिगल्या! अळी लाकडाच्या आत वर्षानुवर्षं राहू शकते, त्यामुळे वरून फवारा मारून भागत नाही. तळ कच्च्या लाकडाचा होता, पॉलिश नव्हतं, म्हणून बोरेटचं (कीड मारणाऱ्या क्षाराचं) द्रावण ब्रशनं दोनदा पाजलं. पॉलिशवरून ते आत मुरत नाही. आतला सुटा कप्पा घट्ट पिशवीत बांधून उणे १८ अंशांवर दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवला, आणि पिशवी न उघडता बाहेर काढून एक दिवस तशीच राहू दिली, म्हणजे थंड लाकडावर पाणी धरत नाही.

आत काय ठेवावं यात मी चुकले. पांढऱ्या सुती चादरी थेट लाकडाला टेकून ठेवल्या होत्या. पाचव्या महिन्यात घडीच्या कडेला पिवळसर डाग. लाकूड जुनं असलं तरी त्यातून आम्लाची वाफ सुटत राहते. आता आत धुतलेल्या मांजरपाटाचं अस्तर आहे आणि दर दोन-तीन महिन्यांनी घड्या बदलते. दुसरी चूक चांदीच्या फोटोफ्रेमची. ती लोकरी शालीत गुंडाळून ठेवली आणि काळी पडली, कारण लोकरीत गंधक असतं. कागदपत्रं आणि जुने फोटो यात ठेवूच नका. लोकरीचे कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवा. कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी येते. देवदार किंवा कापराच्या लाकडाच्या पेटीत कसर लागत नाही या भरवशावरही राहू नका. तो वास काही वर्षांत विरतो.

रोज लागणारं काहीही पेटीत ठेवू नये, हे तिसऱ्या आठवड्यातच कळलं. तळाची वस्तू काढायची तर वरचं सगळं बाहेर. झाकणावर काही मांडलं की तेही उचला. सतराव्या शतकात पेटीच्या तळाशी खण जोडले जाऊ लागले आणि पुढे पूर्ण खणांची कपाटं आली, ती याच त्रासामुळे असावीत असं मला वाटतं. रोजच्या गोष्टी मी खणांच्या कपाटात हलवल्या. दमट दिवसांत त्याचा दुसरा खण अडकायचा. कडांना मेणबत्ती घासली आणि सुरळीत झाला. साबण घासू नका, तो ओलावा धरतो. कपाट भिंतीला पट्टीनं बांधून ठेवलंय, कारण दोन खण एकदम ओढले तर ते पुढे झुकतं.

लहान मुलं घरात येत असतील तर हे वाचाच. अमेरिकेत १९९६ साली सुमारे १ कोटी २० लाख देवदार पेट्यांची कुलपं बदलण्यासाठी जाहीर आवाहन करावं लागलं. झाकण पडताच कुलूप आपोआप लागायचं आणि आत लपलेली मुलं गुदमरून दगावली होती. माझ्या पेटीलाही चापाचं कुलूप होतं. पहिल्याच दिवशी त्याचा अडकणारा तुकडा काढला आणि जपून ठेवला. झाकण जड आहे, म्हणून त्याला अर्ध्यात थांबणारा आधार बसवला. जुनं लाकूड फाटू नये म्हणून स्क्रूआधी बारीक भोक पाडून घेतलं.

पॉलिश लाखेचं आहे. कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब लावल्यावर चिकट झालं, त्यावरून कळलं. गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. वर्षातून एकदा मधमाशीच्या मेणाचा पातळ हात देते, बास.

पेटी आता दोन इंची ठोकळ्यांवर आहे, भिंतीपासून चार बोटं सोडून. काळा कागद अजून खालीच आहे. गेले सहा महिने तो कोरा निघतोय, तरी महिन्यातून एकदा ओढून बघते.