मनगटी पट्टा आणि अँटिस्टॅटिक चटई: आठ महिन्यांच्या वापरानंतर

रोबोचा एक मोटर ड्रायव्हर (मोटर चालवणारा सर्किट बोर्ड) माझ्याच हातून गेला, नुसता स्क्रू आवळताना. ना ठिणगी, ना धूर. अंगावरच्या स्थिर विजेचा चटका आपल्याला साधारण ३,००० व्होल्टच्या आसपास जाणवतो. नाजूक चिप मात्र १०० व्होल्टलाही जाऊ शकते. म्हणून अंगावरची स्थिर वीज तारेतून जमिनीत सोडणारा हा पट्टा-चटईचा संच घेतला.

पट्ट्याच्या वायरीत १ मेगाओहमचा रेझिस्टर आहे. मल्टिमीटर लावून पाहिला, बरोबर भरला. तो हवाच, कारण चुकून चालू तारेला हात लागला तर अंगातून जाणारा करंट त्यामुळे अगदी कमी राहतो. पट्टा कातडीला नीट टेकतो. बाहीवरून बांधलात तर उपयोग शून्य. अर्थिंगची क्लिप मात्र फार ढिली, मी ती बदलली. आणि बिनतारी पट्ट्यांच्या नादी लागू नका, चार्ज निघून जायला तार लागतेच.

चटई चांगली जाड आहे, सोल्डरचे थेंब पडूनही टिकली. पण ड्रिलचा धातूचा कीस बोर्डावर पडला तर हा संच काहीच करू शकत नाही. चेसिसला (रोबोच्या सांगाड्याला) भोक पाडायच्या आधी मी बोर्ड उतरवून ठेवतो, आणि बॅटरी त्याच्याही आधी.