‘काका, गाडी जुनी आहे’ म्हणत गळ्यात मारलेले नकली पार्ट

जुन्या गाडीचं कूलिंगचं काम घरी करणाऱ्यांनी हे जरूर वाचा. नकली पार्ट विकणं ही यातली अर्धीच गोष्ट आहे. त्या पार्टमुळे गाडी तापली की तुम्हाला इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) खोलायला लावणं, ही उरलेली अर्धी.

माझी पेट्रोल हॅचबॅक दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेली आहे. वॉटर पंपाला खालून एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर यावं म्हणून ठेवलेलं. तिथून कूलंट (इंजिन गार ठेवणारं रंगीत द्रव) गळत होतं आणि पंपाखाली पांढरट-हिरवट खपली धरली होती. निदान सरळ होतं. पंप बदलायचा, आणि पाणी काढतोच आहोत तर थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप), रेडिएटर कॅप आणि कूलंटही नवं घालायचं.

सामान इथल्याच, कोल्हापुरातल्या एका दुकानातून घेतलं. तक्रार चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. बॉक्स चकचकीत, वर होलोग्राम, पार्ट नंबर बरोबर. पक्कं बिल मागितलं तर ‘कॉम्प्युटर बंद आहे, संध्याकाळी न्या.’ हातात कच्ची पावती, त्यावर नुसतं ‘स्पेअर पार्ट’. पैसे क्यूआरवर घेतले आणि मोबाइलवर नाव आलं ते दुकानाचं नव्हे, भलत्याच माणसाचं. विचारलं तर म्हणाले, ‘भावाचं खातं हाय.’

काम घरीच केलं. त्यात सांगण्यासारखं फार नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच कॅप उघडली, थर्मोस्टॅटची हवा सोडणारी पिन वर ठेवली, बोअरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर वापरलं. गावात गाडी ठीक चालली. पन्हाळ्याला निघालो आणि वाघबिळाच्या चढाला तापमानाचा काटा वर सरकायला लागला. बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, म्हणून वाचलो. हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापल्यावर तसंच रेटलं की ते वाकतं आणि मग खर्च खरोखरच हजारांत जातो.

दुकानात परत गेलो. पार्टकडे न बघताच उत्तर तयार होतं: ‘काका, गाडी दोन लाख पळल्या. हेड गॅस्केट गेलं असणार. आमच्या ओळखीच्या मिस्त्रीला दाखवा.’ हेड गॅस्केट म्हणजे हेड आणि खालचा इंजिन ब्लॉक यांच्यामधलं सील. ओळखीच्या मिस्त्रीनं इंजिन चालू करून रेडिएटरमधले बुडबुडे दाखवले. ‘बघा, कॉम्प्रेशन पाण्यात येतंय.’ हेड खोलणं, फेसिंग (हेड घासून सपाट करणं), गॅस्केट सेट धरून बावीस हजार. संध्याकाळपर्यंत गाडी सोडली तर दोन हजार कमी.

ही घाईच मला खटकली. नव्यानं पाणी भरलेल्या सिस्टिममध्ये अडकलेली हवा निघतानाही बुडबुडे येतात. बुडबुड्यावरून हेड गॅस्केट ठरत नाही. शिवाजी उद्यमनगरात माझा जुना दोस्त आहे, त्याच्याकडे याची सोपी चाचणी होते. रेडिएटरच्या तोंडावर निळा द्रव भरलेली नळी बसवायची आणि इंजिन चालू ठेवून वरची हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला वायू पाण्यात मिसळत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडनं द्रव पिवळा पडतो. आमचा निळा तो निळाच राहिला. दोस्त म्हणाला, ‘हेडला हात लावू नकोस. नवीन काय टाकलंयस ते काढ आधी.’

घरी थर्मोस्टॅट काढला आणि गॅसवर पातेल्यात सोडला, शेजारी थर्मामीटर. त्यावर ८२ कोरलेलं होतं, म्हणजे ८२ अंशांच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि ९५ पर्यंत साधारण ८ मिलिमीटर उघडला पाहिजे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तेव्हा घरच्या पातेल्यात ही चाचणी पुरते. नवा थर्मोस्टॅट ९५ गाठेपर्यंत ढिम्म, पुढे जेमतेम दोन मिलिमीटर उघडला. गावातल्या सपाट रस्त्यावर तेवढं भागतं, चढाला नाही. त्याच पातेल्यात गाडीतून काढलेला जुना टाकला. तो ८२ ला बरोबर हलला आणि पूर्ण उघडला!

कॅपवर ०.९ बार लिहिलेलं. उद्यमनगरात दाब तपासायच्या पंपावर लावली तर ०.४ ला शिट्टी वाजवून मोकळी. हा फरक किरकोळ नाही. ०.९ बारचा दाब टिकला तर साधं पाणीसुद्धा इथं ११८ अंशांच्या आसपास उकळतं, ०.४ ला सुटली तर १०८ लाच.

कूलंटची तर गंमतच. कॅनवर ‘एक भाग कूलंट, एक भाग पाणी’ असं छापलेलं. उरलेल्यातलं थोडं तसं मिसळून झाकणाच्या बाटलीत भरलं, दुसऱ्या दुकानातलं पक्क्या बिलाचं कूलंट दुसऱ्या बाटलीत, आणि दोन्ही रात्रभर फ्रीजरमध्ये. (बायकोनं बाटल्या वेगळ्या पिशवीत ठेवायला लावल्या. बरोबरच आहे; यातलं न गोठू देणारं ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, तेव्हा पोरं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून लांबच ठेवा.) खऱ्या मिश्रणाला गोठायला उणे ३५ च्याही खाली जावं लागतं, ते पातळच राहिलं. आमच्या दुकानदाराच्या कॅनमधलं सकाळी हिरवं गारेगार झालं होतं. म्हणजे रंगवलेलं पाणी, आणि ग्लायकॉल नाही तिथं गंज रोखणारी द्रव्यं असतील अशी आशा कशाला धरायची? असं पाणी वर्षभर आत राहिलं तर रेडिएटर आतून खातं, आणि तेव्हाही ऐकायला मिळतं, गाडी जुनी आहे. नव्या गाडीवाल्याला हे सांगता येत नाही. किलोमीटरचा आकडा बघून गिऱ्हाईक ठरवतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॉक्स पुन्हा निरखले तर होलोग्राम नुसता चमकणारा कागद, तिरका केला तरी आत चित्र बदलत नाही. एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष, कंपनीचा पत्ता आणि तक्रारीचा संपर्क पाकिटावर छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. थर्मोस्टॅटच्या बॉक्सवर पत्ताच नव्हता. काउंटरवर उभं राहूनच बघण्यासारखी गोष्ट आहे ही. पक्कं बिल नाही तर पार्ट नाही, आणि क्यूआरवर दुकानाचं नाव दिसल्याशिवाय पैसे पाठवू नका.

पार्ट घेऊन गेलो तेव्हा उत्तर मिळालं, ‘हा बॉक्स आमचा न्हाई.’ पैसे पाठवल्याची नोंद आणि कच्च्या पावतीचा फोटो दाखवल्यावर पंपाचे पैसे परत केले, बाकीच्याचे नाहीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथं नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून २ वर्षांत तक्रार करता येते. एवढ्याशा रकमेसाठी कोण जातंय, या हिशेबावरच ही दुकानं चालतात.

गाडीत आता जुनाच थर्मोस्टॅट आहे. पंप, कॅप आणि कूलंट दुसऱ्या दुकानातून बिलासह घेतलं. वाघबिळाचा चढ एसी लावून चढली, काटा मध्यावरच. नकली थर्मोस्टॅट, कॅप आणि बॉक्स मी जपून ठेवले आहेत. इथल्या कुणाला आपला पार्ट शेजारी ठेवून ताडून बघायचा असेल तर खाली लिहा, रविवारी सकाळी पातेलं चढवू.