पट्टे टिकले, फोम कुजला: सस्पेन्शन पट्ट्यांचे सात महिने

पट्टे दाराला अडकवायचे, हँडल धरून मागे झुकायचं आणि अंग दाराकडे ओढायचं; या व्यायामाला रो म्हणतात. पट्ट्यांची शिवण शाबूत, बकलही घसरत नाही. वैताग आहे तो हँडलवरच्या फोमचा. डिसेंबर ते मे काही वाटलं नाही. ठाण्यात जून लागला आणि फोम घाम पिऊ लागला. पाचव्या-सहाव्या रेपला (म्हणजे ओढीला) तो हँडलच्या नळीवर गोल फिरतो, मूठ आवळावी लागते आणि पाठ ताजी असतानाच मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतो. आधी वाटलं, पकडच कच्ची. पण कोरडा नॅपकिन गुंडाळून ओढलं तर त्याच कोनात आठाचे अकरा निघाले!

सर्व्हिसवाल्यांचं उत्तर: फोम वॉरंटीत नाही, नवी हँडलजोडी घ्या. कशाला? फोम कटरने उभा चिरून काढा, चिकटा खोबरेल तेलाने सोडवा, साबणाने धुऊन नळी पूर्ण वाळू द्या आणि बॅडमिंटनची टॉवेल ग्रिप तिरकी गुंडाळा. खराब झाली की बदला.

दाराचं मात्र नीट बघा. ओढल्यावर दार चौकटीत घट्ट बसलं पाहिजे, म्हणजे ते तुमच्या बाजूला उघडणारं नको. बेडरूमचं दार आत उघडतं, म्हणून उभं राहायचं हॉलमध्ये. मुख्य दारही आतच उघडतं. तिथे करायचं तर लिफ्टसमोर तमाशा. बाथरूमचं पीव्हीसी दार नकोच. अँकर, म्हणजे पट्टे दारात अडकवायचा तुकडा, वरच्या कडेवर, बिजागरीच्या बाजूला, आणि कडी लावून.

कोन मोजायला फरशी पुरते. दोन फुटी लादी असेल तर टाचा अर्धी लादी दाराकडे सरकवल्या की अंग आडवं होतं आणि वजन वाढतं. आठ-आठचे तीन सेट, मध्ये दीड मिनिट. तिन्ही सेटना बारा स्वच्छ निघाले की पुढची अर्धी लादी. आधी खांद्याची पाती मागे, मग कोपर. कोपर बरगड्यांपासून साधारण 45 अंशांवर. खाली जाताना तीन सेकंद. कंबर लोंबली किंवा हनुवटी पुढे आली तर तो रेप मोजू नका, टाचा मागे घ्या.

पुल-अप निघत नसणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी. बागेतल्या ओपन जिमचा बार डोक्याच्या वर असतो, रो घालायला छातीच्या खाली काहीतरी लागतं. डायनिंग टेबलाखाली झोपून ओढायचा सल्ला सर्रास मिळतो. काचेचा टॉप किंवा मधोमध एकच पाय असेल तर टेबल अंगावर येतं.

पट्ट्यांना पाचपैकी चार, फोमला शून्य.