‘पेशवेकालीन पंगत’ : वाढप उत्तम, निवेदन कच्चे

वडिलांच्या पंचाहत्तरीला आम्ही पुण्यातील एका केटररकडून साठ पानांची ‘पेशवेकालीन पंगत’ सांगितली होती. पाट, केळीची पाने, भोवती रांगोळी, मधून मधून उदबत्त्या आणि धोतर नेसलेले वाढपी अशी मांडणी पाहताच ज्येष्ठ मंडळी सुखावली.

वाढपाला तर नाव ठेवायला जागाच नव्हती. आधी मीठ, मग डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर व पंचामृत, उजवीकडे अळूची पातळ भाजी आणि मध्ये भाताची मूद, हा क्रम एकाही पानावर चुकला नाही, आणि वरणावर तूप पडून श्लोक म्हणून होईपर्यंत वाढप्यांनी पुढचा पदार्थ पंक्तीत आणला नाही. पुरणपोळी तव्यावरून थेट पानात येत होती. आग्रहही बेताचा होता, जो आजकाल एकतर नसतोच किंवा अंगावर येतो. मात्र टोमॅटोचे सार पाहून हसू आले, कारण पेशवाईत पुण्याच्या स्वयंपाकघरात टोमॅटो पोहोचलेलाच नव्हता. तेथे आमसुलाचे सार हवे होते.

खरी उणीव निवेदनाची. जेवताना इतिहास सांगणाऱ्या गृहस्थांनी ‘श्रावणात रमण्यात सारे पुणे जेवत असे’ असे ठोकून दिले. वस्तुतः पर्वतीच्या पायथ्याचा रमणा हे श्रावणमासी ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचे स्थान होते आणि इतर जातींना त्या दानात वाटा नव्हता. ही प्रथा मूळची तळेगावच्या दाभाड्यांची होती व १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेल्यानंतर पेशव्यांनी ती पुण्यात चालवली. इंग्रजांनी १८१८ नंतर ती कमी प्रमाणात चालू ठेवली आणि त्याच पैशातील काही भागावर १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. एवढी गोष्ट हाताशी असताना निवेदकांनी नुसते वैभवाचे गोडवे का गावेत, हे कळले नाही. पंगतीला कोण बसत नसे, हेही सांगितले असते तर पुरणपोळीची गोडी काही कमी झाली नसती.

दुसऱ्या पंगतीला पोळ्या निवलेल्या होत्या, तेव्हा पाने चाळीसच्या वर असतील तर दुसरा तवा आधीच मागून घ्यावा. गुडघे धरलेल्या मंडळींसाठी टेबल-खुर्च्याही आधी सांगाव्यात. आम्हाला त्या ऐन वेळी शेजारून आणाव्या लागल्या.